उभ्या रेघांचा दगड

त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला मी चार कोपऱ्यांच्या चौकात मिटलेली पिवळी छत्री घेऊन उभी होते. छत्री पाहून माझे पाहुणे मला शोधून काढतात. मार्चचा पहिला आठवडा होता, हवा स्वच्छ होती, आणि यादीत तोरिनोहून आलेले अकरा निवृत्त शिक्षक होते. मी मोजले तर बारा भरले.

बारावे माझे बाबा होते.

लग्नकार्याला घालायचा तपकिरी कोट त्यांनी घातला होता. दाढी गुळगुळीत केली होती, हनुवटीवर एक बारीक काप होता. टोपी हातात धरून ते सगळ्यांच्या मागे उभे होते.

एकोणीस वर्षं मी पालेर्मोमध्ये लोकांना पायी शहर दाखवते आहे. आणि एकोणीस वर्षं बाबा म्हणत आले होते, "एकदा मलाही ने की तुझ्या लोकांबरोबर. बघू तरी, एवढा वेळ तू काय सांगतेस ते." मी म्हणायची, "पुढच्या आठवड्यात, बाबा." शेवटी ते न विचारताच आले होते.

शिक्षकांपैकी एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. "हे आपल्यापैकीच का?"

"इथलेच एक जुने गृहस्थ आहेत," मी म्हणाले. "येऊ द्या बरोबर."

वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा ते खोटं आहे असंही मला वाटलं नाही. प्रत्येक शब्द खरा होता. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, टोपी छातीशी धरली आणि मान जराशी लववली.

"बाईंची हरकत नसेल तर," ते म्हणाले.

बाई म्हणजे मी. त्या दिवशी ते मला शेवटपर्यंत बाईच म्हणाले, आणि अहो-जाहो केलं.

पण खरी अडचण पुढेच होती. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, त्या चौकात, वसंत ते शिशिर चारही ऋतूंच्या मूर्ती दाखवून झाल्या की मी एक छोटीशी गोष्ट सांगत असे. कामाच्या पहिल्या वर्षी मिलानोच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "केवढं माहीत आहे हो तुम्हाला! वडील शिक्षक असतील, नाही?" मी मान हलवली. तेवढंच. पण त्या मानेच्या होकारातून हळूहळू एक अख्खा माणूस उभा राहिला. तो इतिहासाचा प्राध्यापक झाला. त्याला मी चष्मा दिला, पुस्तकांनी भरलेली खोली दिली, रविवारी लहान मुलीचं बोट धरून या रस्त्यांवरून हिंडायची सवय दिली. मी पुष्कळ वाचत आले आहे, त्यामुळे असा माणूस रचायला मला काही कठीण गेलं नाही. लोकांना तो आवडायचा. उत्तरेकडचे लोक तर त्याच्यानंतर माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघायचे.

त्या दिवशी मी तो भाग गाळू शकले असते. पण एकोणीस वर्षं पाठ झालेली गोष्ट जिभेवर आपोआप येते, आणि मध्येच थांबणं जास्त दिसलं असतं असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं.

"माझे वडील इतिहासाचे प्राध्यापक होते," मी म्हणाले. "दर रविवारी ते मला इथं आणून उभं करायचे आणि म्हणायचे, वर बघ."

अकरा शिक्षकांनी वर बघितलं. बाबांनीही.

माझे बाबा, ओनोफ्रिओ, बेचाळीस वर्षं पालेर्मोच्या रस्त्यांवर फरसबंदीचं काम करत होते. बिलिएमीच्या डोंगरातला करडा दगड ते बसवत. वस्तीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे मिस्तरी म्हणत. आयुष्यात त्यांनी मला कधी 'वर बघ' म्हटलं नव्हतं. ते म्हणत, "पायाखाली बघ, पोरी, पडशील."

चौकातून आम्ही बाल्लारोच्या बाजारात गेलो. तिथला कल्लोळ तोरिनोकरांना आवडतो आणि थोडा घाबरवतोही. गटात पिएरा नावाच्या एक बाई होत्या. सत्तरीच्या, ताठ, बॉबकट केस पांढरेशुभ्र. गणित शिकवायच्या. चालताना त्या बाबांच्या शेजारी आल्या आणि बाबांनी कोपर पुढे केलं. पिएराबाईंनी सहज हात अडकवला. मी पुढून छत्री उंच धरून चालले होते, पण कान मागेच होते.

आर्टिचोक नावाची भाजी विकणाऱ्या तुरिद्दूनं बाबांना पाहिलं आणि गाडीवरून ओरडला, "अरे वा! मिस्तरी! सुटाबुटात? कुणाचं लग्न?"

"माझंच," बाबा म्हणाले. "या बाई तोरिनोहून बघायला आल्यात. मध्ये बोलून मोडू नकोस."

"बाई, नीट विचार करा! हा माणूस दगडाशी बोलतो!"

"नवऱ्यापेक्षा बरं," पिएराबाई म्हणाल्या. "माझा तर वर्तमानपत्राशी बोलायचा."

बाजार हसला. तेवढ्यात तुरिद्दूची नजर माझ्यावर गेली, त्याचा चेहरा उजळला आणि तो तोंड उघडणार, इतक्यात बाबा मध्ये उभे राहिले. "गप्पा पुरे. या बाईंना चांगलंसं एक निवडून दे. काटेरी नको." तुरिद्दू गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. आम्ही पुढे गेलो. बाबांनी मला वाचवलं होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं.

येशूसंघाच्या चर्चमध्ये मी नेहमीप्रमाणे संगमरवरात जडवलेली फुलं, पोपट आणि गुबगुबीत देवदूत दाखवले. युद्धात बॉम्ब पडून घुमट कोसळला, आणि पुढे लोकांनी तो तुकड्यातुकड्यानं कसा परत उभा केला, ते सांगितलं. बोलता बोलता बाबांकडे लक्ष गेलं. ते टोपी दोन्ही हातांत धरून, तोंड जरासं उघडं ठेवून ऐकत होते. या चर्चच्या पायऱ्यांसमोरचा रस्ता त्यांनी दोनदा उकरून दोनदा बसवला होता. आत आलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कामाच्या बुटांनी आत कशाला, असं ते म्हणत.

बाहेर आल्यावर टक्कलवाल्या गृहस्थांनी विचारलं, "हे रस्त्यावरचे दगड एवढे चकचकीत, लोक घसरत नाहीत?"

मी उत्तर द्यायच्या आत बाबा खाली गुडघ्यावर बसले होते. तपकिरी कोटात, भर रस्त्यात.

"हे बघा. या आडव्या रेघा. दगडाला टाकी लावावी लागते, जात्याला लावतात ना, तशी. माणूस चालतो असा, तर रेघ पाहिजे अशी. म्हणजे बूट अडतो. वीस-पंचवीस वर्षांत रेघ झिजते. मग दगड काढायचा, पालथा करायचा, खालच्या अंगाला टाकी लावायची, परत बसवायचा. म्हणजे त्याला दुसरा जन्म मिळतो."

"आणि दोन्ही बाजू झिजल्या की?" पिएराबाईंनी विचारलं.

"मग तो माझ्यासारखा. घरी बसतो, टीव्ही बघतो."

सगळे त्यांच्याभोवती वाकले होते. कुणी रेघांवरून बोटं फिरवत होतं, कुणी फोटो काढत होतं. माझ्या चर्चमध्ये एवढं वाकून कुणी काही पाहिलं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं.

"आजोबा, उशीर होतोय," मी म्हणाले.

ते एक हात जमिनीला टेकून उठले. "हो बाई. चुकलंच." गुडघ्यावरची धूळ त्यांनी झटकली नाही. कदाचित दिसली नसेल.

दुपारी कोपऱ्यावरच्या टपरीत आम्ही हरभऱ्याच्या पिठाच्या गरम तळलेल्या चकत्या पावात घालून घेतल्या. बाकावर पिएराबाई आणि बाबा शेजारी बसले होते. मी पाठमोरी होते.

"मुलंबाळं?" पिएराबाईंनी विचारलं.

"एक मुलगी. शिकलेली आहे. मोठ्या कामावर आहे."

"कसलं काम?"

"लोकांना रस्ता दाखवते."

"म्हणजे? वाहतूक पोलीस?"

"तसंच काहीतरी," बाबा म्हणाले. "पण तिचं लोक ऐकतात."

पिएराबाई मोठ्यानं हसल्या. मी पाव कागदात गुंडाळून ठेवला.

कॅथेड्रल, मग उतारानं जुना बाजार, मग संध्याकाळच्या उन्हात बंदर. फेरी तिथे संपते. होड्यांच्या डोलकाठ्या हलत होत्या, जाळी वाळत होती. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पिएराबाईंनी माझ्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले आणि म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी किती छान घडवलंय तुम्हाला! ते असते तर त्यांना केवढा अभिमान वाटला असता." मग बाबांकडे वळून, "काय आजोबा, खरं की नाही?"

"खरंय," बाबा म्हणाले. "प्राध्यापकाची मुलगी, लगेच कळतं."

ते सगळे हॉटेलकडे गेले. आम्ही दोघं धक्क्यावर उरलो. मी म्हणाले, "बाबा, यायच्या आधी कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर तू पुढच्या आठवड्यावर ढकललं असतंस."

ते पाण्याकडे बघत होते.

"तो प्राध्यापक कुठं राहायचा गं?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. नवीन शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "चांगला माणूस वाटला. रविवारी हिंडवायचा तुला. मी रविवारी नुसता झोपायचो."

"बाबा, ते फक्त..."

"बस आली माझी," ते म्हणाले, आणि खरोखरच आली होती. चढताना त्यांनी टोपी हलवली. "जेवून घे. दुपारी काही खाल्लं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईंचा फोन आला. ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेले होते, एका पायात बूट होता, दुसरा बूट हातात. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. सगळेच डॉक्टर तसं म्हणतात.

आमच्याकडे मयताच्या घरी काही दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी आळीपाळीनं जेवण आणतात. कोंबडीचं सूप, भाजलेला पास्ता, उकडलेली अंडी, आणि हातात कप देऊन समोर बसतात, तुम्ही घोट घेईपर्यंत. आई गेली तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हा बाबा माझ्या शेजारी होते. या वेळी टेबलाच्या त्या बाजूला लिबोरिओकाका बसले. बाबांबरोबर तीस वर्षं त्यांनी दगड उचलले होते. त्यांची बायको पातेल्यातून वाढत होती.

"खा, पोरी," काका म्हणाले. "तिनं तीन तास खपून केलंय. नाही खाल्लंस तर मला घरी ऐकून घ्यावं लागेल."

"ऐकून घेण्यासारखंच वागता तुम्ही," काकू म्हणाल्या.

मी दोन घास खाल्ले. मग काकांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

"गुरुवारी संध्याकाळी आला होता बारमध्ये. कोट घालून. आम्ही म्हटलं, काय रे, कोण मेलं? तर म्हणाला, आज मी शहर पाहिलं. माझ्या पोरीनं दाखवलं. अरे, म्हणाला, आपण सगळी वर्षं नुसती याची पाठ पाहिली. वर काय काय आहे! पोपट आहेत दगडाचे! आणि ती बोलते रे, म्हणाला, अख्खा दिवस, एक कागद न बघता. पुढारीसुद्धा कागद बघतात."

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं. माझे हात टेबलाखाली होते.

"आणखी... हां. म्हणाला, तिनं माझ्याबद्दलही सांगितलं लोकांना. पहिल्याच चौकात. सगळ्यांसमोर."

काकू एप्रनच्या टोकानं डोळे पुसत आत गेल्या. मी काकांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांना तसं सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. बारमधल्या सगळ्यांनीच मानलं असणार. म्हणजे माझ्या खोट्यावर पांघरूण घालायला बाबा मित्रांशी खोटं बोलले होते, आणि ते बोलण्यासाठी त्यांच्याजवळ फक्त ती एकच संध्याकाळ होती.

"काय म्हणालीस गं त्याच्याबद्दल?" काकांनी विचारलं.

"रस्ते चांगले बसवायचे, म्हणून," मी म्हणाले. आणखी एक खोटं.

दोन आठवड्यांनी मी कामावर गेले. चौकातली ती गोष्ट मी गाळली. ऋतू, राजे, संत, आणि सरळ बाजार. प्राध्यापक संपला. मला वाटलं होतं, एवढं पुरेल. पण न बोलणं हे काही सांगणं नसतं. रोज त्या जागी वाक्याएवढी एक पोकळी यायची, आणि मी ती छत्री या हातातून त्या हातात घेऊन भरून काढायची.

मग पिएराबाईंचा मेल आला. फोटो जोडला होता: बाबा रस्त्यात गुडघ्यावर, हात दगडावर, आणि मागे मी, अर्धी कापलेली, घड्याळ बघताना. त्यांनी लिहिलं होतं, बहिणीला घेऊन ईस्टरला पुन्हा येते आहे. त्या गोड आजोबांनी मला सांगितलंय, गुड फ्रायडेला कापो वस्तीत या, मी माझी एक चूक दाखवतो. सगळ्या शहराला माहीत असलेली चूक, म्हणाले. तुम्ही त्यांना शोधू शकाल का? नाव विचारायचंच राहून गेलं.

ती चूक मला माहीत होती. माझ्या जन्माआधीपासून ती तिथे होती.

आमच्या कापो वस्तीत एक चढाची गल्ली आहे. गुड फ्रायडेला वस्तीची मंडळी काचेच्या पेटीतली मृत ख्रिस्ताची मूर्ती आणि काळ्या वस्त्रातली त्याच्या आईची मूर्ती खांद्यावर घेऊन त्या गल्लीतून जातात. बाबा तरुण होते तेव्हा, ती गल्ली नव्यानं बसवताना, सण तोंडावर आला म्हणून घाई झाली, आणि एक मोठा चौकोनी दगड त्यांनी फिरवून बसवला. रेघा आडव्या हव्या होत्या, त्या उभ्या आल्या. उतारावर उभी रेघ म्हणजे घसरगुंडी. शुक्रवारी पुढच्या खांदेकऱ्याचा पाय त्यावरून सटकला, काचेची पेटी कलली, बायका किंचाळल्या. पेटी पडली नाही, पण आख्ख्या वस्तीनं ते पाहिलं.

बाबा दुसऱ्याच दिवशी पहार घेऊन दगड काढायला गेले. मंडळींनी काढू दिला नाही. म्हणाले, एकदा सावध केलंय त्यानं, आता राहू दे; सरळ केलास तर आम्ही सावध राहणं विसरू. तेव्हापासून दर वर्षी पेटी त्या जागी आली की मंडळींचा म्होरक्या हातातल्या लाकडी फळीवर ठोका मारून ओरडतो, "मिस्तरी!" आणि सगळे खांदेकरी एका दमात उत्तर देतात, "बघून!" मग पाय उचलून तो दगड ओलांडतात. बाबा दर वर्षी तिथेच भिंतीला टेकून उभे राहत आणि हसत.

मी हसत नसे. मी आठ वर्षांची असताना वर्गातल्या मुली मला पायरी आली की "मिस्तरी!" म्हणायच्या. पंधराव्या वर्षापासून मी त्या गल्लीत गुड फ्रायडेला गेले नाही, आणि एकोणीस वर्षांत एकाही पाहुण्याला तिकडे नेलं नाही. चुकीची लाज बाबांना कधी वाटली नाही. ती सगळी मी घेऊन टाकली.

पिएराबाईंना मी तीन उत्तरं लिहिली. एकात ते आजारी होते. दुसऱ्यात ते मला सापडत नव्हते. तिसऱ्यात मी सगळं लिहिलं, शेवटपर्यंत वाचलं आणि पुसलं. अशी गोष्ट पडद्यावर लिहून तोरिनोला पाठवून द्यायची हे मला सोपं वाटलं, आणि सोपं होतं म्हणूनच नको वाटलं. शेवटी एवढंच पाठवलं: या. मी घेऊन जाईन.

गुड फ्रायडेच्या दुपारी पिएराबाई बहिणीला घेऊन त्या चौकात भेटल्या. बहीण अदेलाईदे त्यांच्याहून बुटकी आणि बडबडी होती. मी छत्री आणली नव्हती.

"आजोबा कुठे?" पिएराबाईंनी पहिल्याच वाक्यात विचारलं.

"चला," मी म्हणाले. "गर्दी व्हायच्या आत पोचू."

"पिएरा महिनाभर त्यांच्याबद्दलच बोलतेय," अदेलाईदेबाई म्हणाल्या. "साठ वर्षांत हिनं माझा हात धरला नाही, आणि त्या माणसाचा धरून अख्खं शहर फिरली म्हणे."

"तुझा हात धरला तर तू बोलायची थांबत नाहीस."

दोघींना घेऊन मी कॅथेड्रलच्या मागून कापोमध्ये शिरले. त्या दिवशी घंटा मुक्या असतात. दुकानांची दारं अर्धी ओढलेली होती, बाल्कन्यांवर काळ्या-जांभळ्या चादरी टाकल्या होत्या, खाली भाजलेल्या शेंगदाण्यांची गाडी मात्र धूर काढत होती. वाटेत अदेलाईदेबाईंनी दोनदा विचारलं की हे काय, ते काय. मी सांगत गेले. आवाज कामाचा होता, पाय माझे होते. पंधराव्या वर्षानंतर पहिल्यांदा मी गुड फ्रायडेला त्या गल्लीच्या तोंडाशी आले.

दगड लगेच दिसला. मला वाटलं होतं तेवढा मोठा नव्हता. त्याच्या रेघा इतर दगडांच्या उरल्यासुरल्या रेघांना काटकोनात होत्या, आणि त्यावर कुणी पाय देत नसल्यामुळे त्या अजून स्पष्ट होत्या. आजूबाजूचे दगड झिजून आरशासारखे झाले होते. भिंतीशी एका माणसापुरती जागा रिकामी होती. दोन्हीकडे माणसं दाटीनं उभी होती, तिथं मात्र कुणीच नव्हतं. वस्तीतल्या जुन्या बायकांनी मला ओळखलं आणि मानेनंच सरकायला सांगितलं: जा, तिथे. मी पिएराबाईंना आणि अदेलाईदेबाईंना त्या जागेच्या कडेशी उभं केलं.

"इथं येणार आहेत का ते?" पिएराबाई टाचा उंचावून गर्दीत शोधत होत्या.

बँडचा संथ आवाज खालून वर चढू लागला. मग फळीचे कोरडे ठोके. काळे अंगरखे घातलेले खांदेकरी वळणावरून दिसले, या पायावरून त्या पायावर डुलत, आणि वर काचेची पेटी. पुढे फळी घेऊन लिबोरिओकाका होते. दगडापासून दोन पावलांवर त्यांनी हात वर केला. पेटी थांबली. बँडही विस्कळीत होत थांबला.

काकांनी फळीवर ठोका मारला. तोंड उघडलं. आणि हाक निघेना. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा ठोका मारला, पुन्हा तेच. खांदेकरी वजनाखाली वाट बघत होते. सत्तर वर्षांचा माणूस गर्दीसमोर उभा राहून नुसता ओठ हलवत होता. कुणीतरी मागून हलकेच म्हणालं, "म्हणा हो काका."

काकांची नजर माझ्यावर आली. "पोरी, माझ्यानं होत नाही," ते म्हणाले. "तू दे."

मी नाही म्हणायला मान हलवली असती, पण मान हलवून काय होतं ते मला ठाऊक होतं. मी एक पाऊल पुढे आले.

"मिस्तरी!" मी ओरडले. आवाज फाटला, पण पोचला.

"बघून!" चाळीस पुरुषांनी उत्तर दिलं, आणि काळे पाय उचलून, एकेक करत, दगड ओलांडून गेले. बँडनं सूर धरला, अगदी आमच्या कानाशी. ढोल, तुताऱ्या, सगळं एकदम.

पिएराबाईंनी माझा दंड धरला होता. "हे काय होतं? तुम्हाला का ओरडायला सांगितलं? मिस्तरी कोण?"

"माझे वडील," मी म्हणाले.

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला. "ऐकू येत नाही! कोण?"

पेटी पुढे चालली होती. काळ्या वस्त्रातली आई वळणावर दिसू लागली होती. बँड थांबेपर्यंत मी थांबू शकले असते. त्याला वेळही फार लागला नसता. मी पिएराबाईंचे दोन्ही हात धरले आणि इतक्या मोठ्यानं बोलले की समोरच्या भिंतीकडचे लोक वळून बघू लागले.

"माझे वडील! तुम्ही ज्यांच्या हातात हात घालून फिरलात ना, ते! ओनोफ्रिओ नाव त्यांचं! त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले! प्राध्यापक कुणी नव्हता, तो मी बनवला! माझे वडील फरसबंदीचे मिस्तरी होते, आणि हा दगड त्यांनी चुकीचा बसवला, आणि मी त्यांची मुलगी आहे!"